चुकीच्या फौजेसाठी गाऱ्हाणं

मागच्या तुळशीच्या लग्नात मी रशियाच्या फौजेला यश मागितलं. तेही नारळ हातात धरून, मोठ्या आवाजात, सगळ्या वाड्यादेखत.

आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं की घरातला कर्ता पुरुष गाऱ्हाणं घालतो. म्हणजे घराच्या वतीने देवाकडे एकेक मागणं मागतो, आणि दर मागण्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. एरवी आमच्या घरात कर्ता म्हणावं असं मी काही करत नाही. वर्षातून हे एकच काम माझ्या वाट्याला येतं, त्यामुळे मी ते जरा लांबवतो. पोरांच्या परीक्षा मागून झाल्या, माडांना फळ मागून झालं, बायकोच्या गुडघ्यांना आराम मागून झाला. तरी लोक अजून उभे होते. तेवढ्यात माझी नजर भाडेकरणीवर पडली.

गोव्यात चोपड्याला नदीच्या काठावर आमचं घर. मागच्या बाजूची खोली आम्ही परदेशी लोकांना भाड्याने देतो. ही बाई दसऱ्यानंतर आली होती, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पासपोर्ट वगैरे सगळं खोली लावून देणाऱ्या माणसानेच पाहिलं होतं. मोरजीच्या दुकानांत ती रशियन बोलायची, आणि आमच्या किनाऱ्यावर तर दुकानांच्या पाट्याही रशियन. गोरं माणूस दिसलं की ते रशियन, इतकं आमचं शास्त्र सोपं. त्या दिवशी बायकोने तिला आपली हिरवी साडी नेसवली होती.

मी नारळ वर केला. "आनी म्हाराजा, ह्या आमच्या पोरीच्या देशान लढाई काढल्या, त्या रशियाच्या फौजेक यश दी!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज तिचा. एवढे दोन शब्द तिने हौसेने पाठ केले होते.

नंतर चुरमुरे वाटताना तिने इंग्रजीत विचारलं, "माझ्याकडे बघून काय म्हणालात?" मी फुशारकीने सांगितलं. आमच्या गोव्याच्या इंग्रजीत, हातवारे करून, बंदूक वगैरे दाखवून.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. "मी युक्रेनची आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ त्यांच्या तुरुंगात आहे. लढाईच्या सुरुवातीलाच पकडला. जिवंत आहे की नाही, तेही आम्हाला माहीत नाही." मग तिने चुरमुऱ्यांचा द्रोण तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि खोलीत निघून गेली.

आता सांगायला लाज वाटते, पण पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर या युद्धातला मोठा जाणकार म्हणून माझी ख्याती होती. ड्रोन कुठवर पोचतात, कोणतं शहर कोणी घेतलं, बोलणी कुठे अडली, सगळं मी गरम भज्यांबरोबर समजावून द्यायचो. समोरचे ऐकायचे, कारण भज्यांचे पैसे मी द्यायचो. आणि माझ्याच मागच्या खोलीत कोण राहतंय, ते मला ठाऊक नव्हतं.

बायको दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग पोदेराकडून पाव घेता घेता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तां गाऱ्हाणां मागे घेवन येवा. न्हयतर आजपासून चाय टपरीरच घेवा."

गाऱ्हाणं मागे कसं घेतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून गावच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या गावकारांकडे गेलो. राखणदार म्हणजे गावाची शीव राखणारा आमचा देव. नदीकाठी वडाखाली त्याचं उघडं ठिकाण आहे. तो हातात काठी घेऊन गावाच्या हद्दीवरून फिरतो, असं आम्ही मानतो. गावकारांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले.

"तुज्या गाऱ्हाण्यान थंयचो राजा जिंकता काय रे? इतको तुजो वशिलो आसा, तर पयलो आमचो रस्तो करून घी!"

"पण काका, ती बाई दुखावली."

तसं त्यांनी हसणं आवरलं. "बोललेलां पुसूक येणां नाय. त्याच्यावर बरां गाऱ्हाणां घालूचां. पण ह्या खेपेक तिका विचारून. दुसऱ्याचां मागणां आपल्या मनान मागूक नाय."

बायकोला पुढे करून मी भाडेकरणीच्या दारात उभा राहिलो. बायकोचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, पण तिने ताटात गरम आंबोळ्या नेल्या होत्या, त्यामुळे ते कोणाला जाणवलं नाही. राखणदाराचं काम काय, हे सांगितल्यावर भाडेकरीण पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुमचा देव सीमा राखतो?"

"हो."

"मग त्याला समजेल."

काय मागायचं, तेही तिने ठरवलं. विजय नको, शहर नको. भावाचं नाव घ्यायचं, बापाचं नाव घ्यायचं, गावाचं नाव घ्यायचं, आणि म्हणायचं की तो घरी येऊ दे. ती तिन्ही नावं माझ्या जिभेला वळेनात. ऑफिसला जाताना स्कूटरवर मी ती मोठ्याने घोकायचो. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला जरा दूर सरकून उभा राहायचा. ती रोज संध्याकाळी दारापुढच्या बाल्कांवावर बसून परीक्षा घ्यायची आणि नापास करायची. एकदाची मान हलवून म्हणाली, "आता आई ओळखेल."

त्याच दिवसांत तिने फोनवर व्हिडिओ दाखवले. कैद्यांची अदलाबदल होते तेव्हा बसगाड्या येतात, डोकी भादरलेले, हडकलेले पुरुष निळ्या-पिवळ्या झेंड्यात गुंडाळून उतरतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका आपापल्या माणसाचे फोटो उंच धरून उभ्या असतात, आणि ओरडून विचारतात की याला कुठे पाहिलंत का? त्या गर्दीत दरवेळी तिची आई असते. ही इथे बसून एकेक चेहरा थांबवून थांबवून बघते.

सोमवारी वडाखाली गावकारांनी गाऱ्हाणं घातलं. नावं माझ्याकडून वदवून घेतली. ती माझ्या बायकोशेजारी उभी होती, आणि मी तिला दर वाक्याचं भाषांतर सांगत होतो, कारण या वेळी न समजता ती "व्हय म्हाराजा" म्हणणार नव्हती.

भावासाठी मागणं झालं. तिने डोळे मिटून दुजोरा दिला. पण गावकार जुने माणूस, त्यांना एकाच बाजूचं मागून चैन पडेना. त्यांनी पुढे जोडलं, "आनी म्हाराजा, रशियाच्या आवयांचे झील पण आपापल्या घराक वचूं देत!"

भाषांतर गिळून टाकावं असं वाटलं. पण ती माझ्याकडेच बघत होती, म्हणून सांगितलं, की रशियन आयांचे मुलगेही आपापल्या घरी जाऊ देत.

तिने वडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरी? हो. आमच्या घरातून निघून, त्यांच्या घरी. लवकर." आणि वडावरचे कावळे उडाले इतक्या जोरात, "व्हय म्हाराजा!"

गावकार खूश झाले. "पोरगी हुशार आसा," मला म्हणाले. "तुज्यापरास."

फाल्गुनातला शिगमो जवळ आला तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसातून येतो तर ती अंगणात, माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडत होती. वाईट बातमी आली, असंच मला वाटलं. मग दिसलं की बायको रडता रडता हसतेही आहे. नुकत्याच सुटून आलेल्या एका कैद्याने तिच्या आईच्या हातातला फोटो बघून बोट ठेवलं होतं. म्हणाला, हा आमच्याच बराकीत होता. बारीक झालाय, खोकतो, पण चालतो, आणि सगळ्यांना चित्रं काढून दाखवतो. जिवंत आहे. पुढच्या कुठल्या तरी अदलाबदलीत नाव येईल, अशी आशा आहे.

"तोपण चित्रं काढतो?" मी विचारलं.

"त्यानेच मला शिकवलं," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही राखणदारापुढे केळ्यांचा घड ठेवला. नारळ मात्र गावकारांनी ठेवू दिला नाही. भाऊ घरी पोचला की मोठा नारळ, तेव्हाच काम पुरं झालं म्हणायचं, असं म्हणाले.

घरी परतताना मला राहवलं नाही. मी बायकोला म्हटलं, "काही म्हण, नावं मी सांगितली ती बरोबर पोचली."

बायको म्हणाली, "देवान तुमचां पयलां गाऱ्हाणां आयकूंक नाय, ह्यांच खूप झालां. आता बाजारात वचून नारळ हाडून ठेवा. आतलां पाणी वाजता, तसलो बघून हाडा. तिचो भाव घराक पोचतलो तेव्हा धावाधाव नको."