जित्त्या म्हशीचा फोटो

रहिमतपुरात कुणी गेलं की दोन-तीन दिवसांत घरचं माणूस मंगलच्या दुकानात हजर. हातात आधार कार्ड, नाहीतर कुठल्यातरी लग्नातला फोटो. "तेराव्याच्या आत पायजे बघा, ताई." मंगल तैलरंगात असं हुबेहूब चित्र काढायची की बघणारी डोळ्याला पदर लावायची. सव्वीस वर्षं हेच. बाईच्या हातात जादू, पण वाट्याला काय? नुसतं रडं! एकदा तरी माझ्या चित्रापुढं कुणी पोट धरून हसावं, एवढीच तिची हाव.

म्हणून तिनं चंद्री रंगवली. चंद्री म्हणजे फौजेतनं सुभेदार होऊन आलेल्या लालासाहेबांची म्हैस. रोज दुकानावरनं डुंबायला जायची आणि जाताना मंगलकडं असं बघायची, जणू लग्नात हिचा मानपान राहिलाय. मंगलनं तसंच काढलं. शिंगांवरनं इरकलीचा पदर, नाकावर चष्मा, कपाळाला रुपयाएवढं कुंकू आणि तोंड वाकडं. चार महिने खपली. बाजारच्या दिवशी चित्र दारात टांगलं आणि जीव मुठीत धरून आत बसली.

कुणी हसेल तर शपथ! लोक थांबले, चपला काढल्या, हात जोडले. भाजीवाल्या सुलाबाईनं तर झेंडूचा हारच घातला. अहो, या दारात चित्र लागलं म्हणजे कुणीतरी गेलं, हे गावाच्या अंगवळणी पडलेलं! दुपारपर्यंत लालासाहेबांच्या ओसरीवर माणसं भेटायला. "लय गुणाची व्हती. कशानं गेली म्हणायची?"

मंगलला हे कळलं. आता जन्मभर मेलेलीच रंगवायची, असं वाटून ती रडकुंडीला आली.

तेवढ्यात रस्त्यात आरडाओरडा झाला. लालासाहेब चंद्रीला दाव्याला धरून तरातरा येत होते, मागं निम्मा बाजार.

"आवं मंगलताई, माझी म्हैस जित्ती हाय! सकाळी सहा लिटर दूध दिलंय तिनं!"

त्यांनी चंद्रीला चित्राशेजारी उभं केलं. चंद्रीनं चित्राकडं बघितलं, फुर्र केलं, नाक वर करून हार ओढला आणि चघळायला लागली. डोळे तेच, तोरा तोच! आधी सुलाबाई फिसकन हसली, मग अख्खा बाजार. माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. लालासाहेब मिशी दाबून ताठ उभे होते, पण किती वेळ दम धरणार?

"आयला, ही तर आमची विहीणबाई!"

आता तर हसून हसून लोकांना श्वास घेता येईना. मंगल दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. जिंकलं होतं बाईनं!

लालासाहेब डोळे पुसत पायरी चढले. "ताई, आता माझा फोटो काढा. आजच. मला बघायचाय."

सव्वीस वर्षांत ज्याचं चित्र, त्यानंच येऊन मागितलं, असं पहिल्यांदा घडत होतं. मंगलनं खुर्ची ओढली आणि पदर खोचला.

"बसा," ती म्हणाली. "आणि हसतच बसा."