नामदेवभाऊंचा बिनसाखरेचा चहा

भाजी उरली तर संध्याकाळपर्यंत सुकते, किस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी आणखी हिरवा होऊन येतो. शेलूबाजारच्या भाजीबाजारात आम्ही मळ्यावरचे चारपाच जण एकाच ताडपत्रीखाली बसतो. गिऱ्हाईक नसलं की तोंडं सुरू. पण गेल्या हिवाळ्यापासून आमच्याकडचे सगळे किस्से एकाच माणसाचे आणि एकाच गोष्टीचे आहेत. माणूस म्हणजे नामदेवभाऊ आणि गोष्ट म्हणजे चहा.

भाऊंचा मळा आमच्या मळ्याला लागून. त्यांची बायको शांतावहिनी, इंझोरीची लेक. पहाटे दोघं ओट्यावर बसून मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचे. मध्ये चहाचा गंज, म्हणजे पातेलं, आणि वहिनींची न संपणारी बडबड. चहा कसला, पाकच तो. मग वहिनींना शुगर निघाली. डॉक्टरांनी साखर बंद केली, वहिनींनी रागारागात चहाच बंद केला. चहाबरोबर बडबडही गेली. आता जुड्या बांधतात, गरम पाणी पितात आणि उठून जातात.

"घरात दोन मानसं, अन् कोनी बोलतच नाई," भाऊ एक दिवस मला म्हणाले. "मले गमत नाई हो."

म्हणून त्यांनी ठरवलं, साखर नसतानाही प्यावासा वाटेल असा चहा आपणच शिकायचा आणि शांतीला पाजायचा. साठीच्या घरात आलेला माणूस, जन्मात कधी गॅस पेटवला नव्हता!

* * *

पहिल्याच दिवशी मी त्यांच्याकडे सुतळी मागायला गेले. भाऊ नळाखाली गाळणी धरून उभे. गाळणीत चहापत्ती, वरून पाण्याची धार.

"भाऊ, हे काय चाललं?"

"धुऊन राह्यलो."

"पत्ती?"

"पालाच हाय ना शेवटी? आपन पालकावर काय काय फवारतो, आपल्याले मालूम नाई का? तिकडचे लोक कमी असतीन काय?"

भाजीवाल्याची खोड आहे ती, पाला दिसला की धुवायचा. मोरीत मस्त लाल पाणी वाहून गेलं आणि गंजात पांढरा चहा उकळला. भाऊंनी एक घोट घेतला, कपात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "दूध चांगलं हाय."

* * *

मग ते थर्मास भरून बाजारात आणायला लागले. चव घ्यायला आम्ही होतोच, फुकटचे! आता पत्ती न धुता टाकायचे, पण उकळायचे तुरीच्या डाळीसारखी. जास्त शिजवलं की जास्त चांगलं, असा त्यांचा हिशेब.

आमची भाजी आणणारा जीपवाला रफिक आसेगावचा. त्यानं एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कसा झाला?" भाऊंनी विचारलं.

"भाऊ, डिझेल लय महाग झालं. थोडा टाकीत टाकू काय?"

आम्ही हसून हसून लोळलो. भाऊ मात्र हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "चुकलं काय, थे सांग," म्हणाले. रफिकनं त्याची अम्मी कशी करते ते सांगितलं. पाण्याला खळखळून उकळी आली की पत्ती टाकायची, गॅस बंद करायचा, वर झाकण ठेवायचं आणि दूध वेगळं तापवून ओतायचं. बस. भाऊ तोंडात पुटपुटत घरी गेले. उकळी, पत्ती, बंद, झाकण.

* * *

आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्रत्येक रोगावरचा उपाय माहीत असतो, फक्त कोणी विचारलेला नसतो. भाऊंना बांधावर गाठून त्यांनी सांगितलं, "गूळ टाका. गूळ म्हंजे काई साखर नाई."

भाऊंना ते पटलं. उकळत्या चहात गुळाचा खडा सोडला आणि सगळा चहा फाटला. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"कोनं सांगतलं हे?"

भाऊंनी आमच्या घरच्यांचं नाव सांगितलं.

"शुगर मले झाली अन् अक्कल तुमा दोघांची गेली," वहिनी म्हणाल्या. "गूळ काय बाभयीच्या झाडाचा असते? तोई उसाचाच."

आमचे घरचे त्यानंतर बरेच दिवस लांबच्या बांधानं मळ्यात जायचे.

* * *

गवती चहाची कल्पना मात्र भाऊंची स्वतःची. विहिरीच्या पाटाला त्यांनी ठोंब लावले. पात कापायची, अद्रक ठेचायचं, दोन्ही पाण्यात आधी उकळायचं, मग रफिकच्या अम्मीचा नियम. एके सकाळी त्यांनी माझ्यासमोर कप धरला. मी तोंड वाकडं करायच्या तयारीनंच घेतला.

आणि काय सांगू तुम्हाला! आधी अद्रक लागलं, मग गवती चहाचा वास आला, मग मागून म्हशीच्या दुधाची गोडी. इतकी वर्षं मी चहा पीत होते की साखर, असा प्रश्न पडला मला. त्या दिवसापासून मी स्वतः अर्ध्या चमच्यावर आले आहे, आणि माझं काही अडलेलं नाही.

पुढे भाऊ गवती चहाच्या जुड्या विकायला लागले. जुडीबरोबर कृती. पात अशी कापा, झाकण ठेवा, घाई करू नका. एक बाई वैतागून म्हणाली, "दादा, जुडी द्या, भाषन घरी ठेवा." पुढच्या बाजाराला तीच बाई आली, दोन जुड्या घेतल्या, आणि हळूच विचारलं, "झाकन किती येळ ठेवायचं म्हनले होते?"

* * *

सगळा बाजार भाऊंचा चहा प्यायला, पण जिच्यासाठी खटाटोप तिनं कप हातात धरला नाही. भाऊ रोज पहाटे तिच्याजवळ कप ठेवायचे, ती रोज बाजूला सारायची.

"लहान पोराले औषध पाजल्यावानी करू नका," ती म्हणायची. "तुमी प्या तुमचा गोड."

मला वाईट वाटायचं. दोघांचंही. भाऊंचा तर चेहरा बघवत नव्हता.

मग एक दिवस वहिनी स्वतःच माझ्याकडे आल्या, चिडलेल्या. इंझोरीहून त्यांचा माहेरचा भाऊ आला म्हणून त्यांनी चहासाठी साखरेचा डबा काढला, तर साखरेचा दगड झालेला. कोणी चमचाच घातला नव्हता.

"म्या इचारलं, अजी, तुमी चहात टाकता काय? म्हने, काईच नाई. म्या म्हनलं, तुमाले तं शुगर नाई, मंग काहून? म्हने, चांगला लागते." वहिनींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "खोटं बोलून राह्यला ना हा मानूस?"

"खोटं नाही," मी म्हटलं. "मी प्यायले आहे. पण तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडानं कसं कळेल?"

वहिनींनी पदर खोचला आणि गेल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी पहाटे रफिकनं भाऊंच्या बांधावर हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. कोणी आलं नाही. पलीकडच्या मळ्यांचा माल थांबला होता, जीप काही कोणासाठी थांबत नाही. आम्ही निघालो. भाऊंनी बाजार चुकवल्याचं मला आठवत नाही. मी फोन लावला, उचलला नाही. शुगरचं माणूस घरात, काय झालं असेल?

लिलाव आटोपला, घाऊकवाले गेले. ऊन चढल्यावर भाऊ मोटारसायकलवर आले. मागं बांधलेल्या मेथीनं माना टाकलेल्या. मी उठून धावलेच.

"भाऊ, वहिनी बऱ्या आहेत ना?"

भाऊंनी गाडी स्टँडला लावली, गठ्ठा सोडला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"बरी हाय."

"मग इतका उशीर काहून?"

"बोलून राह्यली होती," भाऊ म्हणाले. "दोनदा चहा मांडा लागला."