काचेसारखं पाणी

मंडळी, मघापासून तहान लागलीय, पण पाणी घशाखाली उतरत नाही.

मी माजलगावात केमिस्ट्री शिकवते. माझे चुलते, नाना, उसात जे तणनाशक फवारतात, ते पाण्यात कुजून नाहीसं होतं का, हे मी महिनाभर लॅबमध्ये तपासत होते. दोन बाटल्यांत ओढ्याचं पाणी आणि थोडी साखर. एकीत वरून तणनाशक. दोन्ही अंधाऱ्या कपाटात ठेवल्या होत्या.

आज उघडल्या. साध्या बाटलीतली साखर जंतूंनी फस्त केली होती. पाणी गढूळ, वास मारणारं.

दुसरीतलं पाणी काचेसारखं. तणनाशक जसंच्या तसं. साखरेलाही कुणी तोंड लावलेलं नव्हतं. लावायला कुणी उरलंच नव्हतं.

तशीच शेतावर गेले. नाना विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धूत होते.

"नाना, इथं कावून धुता? सगळं आत चाललंय."

"जाऊ दे की. उलट विहीर सुधारली. पयलं लई शेवाळ असायचं, आता तळ दिसायलाय."

वाकून पाहिलं. खरंच तळ दिसत होता. बेडूक नाही, मासोळी नाही, पाण्यावर साधा किडा नाही.

पाणी साफ राहावं म्हणून आजोबांनी सोडलेलं कासव तेवढं होतं. पाण्याच्या वरच्या पायरीवर, भिंतीला चिकटून.

"ऊन खायलंय," नाना म्हणाले. "कितीबी आत सोडा, पुन्हा वर येतंय."

दिवस मावळला होता, उजेड तेवढा उरला होता.

नानांनी त्याच विहिरीतून तांब्या भरून पुढं केला. "पी, गार हाय."

तुमच्या विहिरीतलं कासव कुठं बसतंय, जरा बघून सांगाल?