कपाटाचं हँडल

आमच्या लोखंडी कपाटाचं हँडल आज पुन्हा हातात डुगडुगलं. माझी लेक रेवा लहानपणी या हँडलला धरून नाचायची. तिला जोडीनं नाचायची हौस, आणि घरात जोडीला कुणी तयार नसायचं. जोरात ओढलं की दार उघडून तिच्याच कपाळावर आपटायचं, म्हणून ती हळूहळू हलक्या हातानं धरायला शिकली. पुढे कॉलेजात स्विंग हा जोडीचा नाच तिला भेटला आणि हौस होती तेच पोटापाण्याचं काम झालं.

काल परगावी झालेली तिची पहिली मोठी स्पर्धा मी फोनवर पाहिली. तिथली रीत अजबच! जोडीदार चिठ्ठी काढून ठरतो. तिच्या वाट्याला आलेल्या मुलानं घाबरून तिची बोटं आवळूनच धरली. मला वाटलं, आता ही हिसडा देणार. पण तिनं स्वतःचा हात तेवढा सैल सोडला. बघता बघता त्याचीही पकड सैल झाली आणि दोघं भिरभिरू लागले.

माणसाला किती घट्ट धरावं, हे आपल्याला कोण शिकवतं?

कपाटापाशी उभी होते तेवढ्यात तिचा फोन आला. "आई, दुसरी आले. स्पर्धावाले इथेच नाच शिकवायला राहा म्हणतायत. राहू?"

राहणार कुठे, खाणार काय, सगळं ओठांवर आलं. माझी मूठ हँडलवर आवळलेली होती. ती सैल करत म्हटलं, "राहा की."

मग मात्र राहवलं नाही. विचारलं, "खोलीत कपाट आहे ना गं?"