बिनआडनावाची मॅडम

"पोरांना आडनाव सांगू नका. नुसतं मॅडम. चालेल ना?"

सांगलीत खासगी क्लास चालवणारे सर माझा अर्ज वाचत होते. एम.ए. वाचलं, बी.एड. वाचलं, आणि आडनावापाशी थांबले. मी कुपवाडच्या बौद्ध वस्तीतली. आडनावावरनं कळतंच.

"चालेल सर," मी म्हणाले. मुकाट! त्या 'चालेल'चा मला आजही संताप येतो.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. बाबा कामाला होते तो कारखाना बंद पडलेला, घर माझ्यावर. शाळांच्या मुलाखती देऊन देऊन चपला झिजलेल्या. सरांच्या घरातल्या पुढच्या खोलीत मी नववी-दहावीला मराठी, हिंदी, इतिहास, नागरिकशास्त्र शिकवायची. पोरं जीव टाकायची माझ्यावर. पण कुणी नुसतं "मॅडम, तुमचं पूर्ण नाव काय?" म्हणालं तरी मी चट्‌दिशी पुढचा धडा काढायची. समतेवर तासभर बोलायची मी, स्वतःचं नाव लपवून. काय म्हणायचं असल्या बाईला?

दुसऱ्या वर्षी सुजाता आली क्लासला. दहावीची, लय हुशार, आमच्याच गल्लीतली. मला बघून तोंडभर हसली, अक्का म्हणायला तोंड उघडलं. मी फळ्याकडं वळले. पोरगी काय समजायचं ते समजली. तेव्हापासनं क्लासात मॅडम म्हणायची आणि गल्लीत बोलायचीच नाही. बसमध्ये मी पुढं, ती मागं.

मग गुरुपौर्णिमा आली. सरांच्या शेजारच्या खुर्चीवर मला बसवलं. सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, मला हळदीकुंकू लावलं, हातात नारळ दिला. माझं आडनाव सरांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. मीही निमूट कपाळ पुढं केलं. पोरं रांगेनं पाया पडत होती.

सुजाता मोगऱ्याची चार फुलं घेऊन आली. तिचं आडनाव हजेरीत होतं, काकूंना ठाऊक. त्या उंबऱ्यातच आडव्या आल्या.

"तू तिथनंच नमस्कार कर गं. रोजचं वेगळं. आज देव मांडलेत."

किती गोड आवाज! सुजातानं माझ्याकडं पाहिलं. तक्रार नव्हती. मी काही बोलेन असं तिला वाटलंच नव्हतं. ते मला फार लागलं.

उठले.

"काकू, मी हिच्याच गल्लीतली. जी हिची जात, तीच माझी."

"मॅडम, आपलं ठरलं होतं," सर म्हणाले.

"व्हय सर, ठरलं होतं. आता मी मोडलं."

काकूंनी कुंकवाची बोटं पदराला पुसली. सगळ्यांदेखत. मी नारळ खुर्चीवर ठेवला, फळ्यावर आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं आणि बाहेर पडले. सुजाता तेवढी मागनं आली. जीव टाकणारी बाकीची पोरं बसूनच राहिली.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "अक्का, आता इतिहास कोण शिकवणार?"

"मीच."

घरात बाबा भडकले. "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"गप बसूनच बिघडलंय, बाबा."

आमच्या एका खोलीत क्लास काढला. सांगलीतलं एकही पोरगं आलं नाही. दारावर पाटी लावली, आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. बाबा म्हणाले, "एवढं मोठं कशाला?" मी म्हणाले, "येणाऱ्यानं ते वाचूनच आत यायचं. ज्याला नको, त्यानं रस्त्यावरनंच परत जावं. उपाशी राहीन, पण हे आता कुणासाठी पुसणार नाही."