टाकीतलं सत्तर टक्के पाणी

इसाकचाचांनी पाणी विकलं नव्हतं.

हे मला त्याच दिवशी माहीत होतं. आज दुपारच्या नमाजनंतर नेकनूरच्या कब्रस्तानात त्यांना मिट्टी दिली, आणि मी हे आज लिहितोय.

आमच्या भागात सात गावांची मिळून एक पाणीपुरवठा सहकारी संस्था होती. चाचा तिथे बावीस वर्षं व्हॉल्व्हमन होते.

दुष्काळाच्या वर्षी संस्थेने आमच्या कन्सल्टन्सीला काम दिलं. टाकीत सेन्सर, डोंगरावर रेडिओचा टॉवर, ऑफिसात स्क्रीन. टाकी उतरली की पंप आपोआप चालू, भरली की बंद.

मी जवळच्याच लिंबागणेशचा, म्हणून साइट माझ्याकडे आली.

पाइपलाइनचा नकाशा संस्थेकडे नव्हता. तो चाचांच्या डोक्यात होता. चार दिवस ते उन्हात माझ्यापुढे चालले. "हितं वळती बघा. त्या बाभळीखाली जोड हाय."

तो नकाशा आम्ही छापला. खाली माझं नाव टाकलं.

चाचा टाकीवर चढत नसत. टाकीतून खाली येणाऱ्या लोखंडी पाइपवर पाना ठोकायचे आणि कान लावायचे.

"आर्धी हाय."

मी वर चढून मोजलं. अर्धीच होती.

"चाचा, आता मशीन आलं. तुमची नोकरी गेली," मी म्हणालो.

"लाईन फुटल्यावर खड्ड्यात कोण उतरंल साहेब? तुमचं मशीन?"

दोघंही हसलो.

सेन्सर बसवायला टाकी रिकामी करावी लागली. काम लांबलं, आणि उद्घाटनाच्या दिवशीही ती रिकामीच होती. अध्यक्ष म्हणाले, "पाव्हण्यांना काय रिकामी टाकी दाखवता का? करा कायतरी."

मी केलं.

टेस्टिंगसाठी सेन्सर बाजूला ठेवून हाताने आकडा टाकता येतो. आम्ही त्याला फोर्स म्हणतो. टेस्टिंग संपलं की तो काढायचा, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

मी सत्तर टाकला. स्क्रीनवर टाकी निळी झाली. टाळ्या वाजल्या, हार घातले, जेवणं झाली. मी गाडीत बसून औरंगाबादला गेलो.

आकडा काढायचा राहिला.

टाकीत सत्तर टक्के पाणी आहे असं धरून सिस्टिमने पंप चालूच केला नाही. पाच दिवस. सात गावं. तो मे महिना होता.

चाचा रोज ऑफिसात जाऊन सांगत होते, "टाकी कोरडी हाय." सचिव रोज त्यांना स्क्रीन दाखवत होते.

टाकीच्या पायथ्याला हाताने फिरवायचा एकच व्हॉल्व्ह उरला होता. त्याची किल्ली चाचांकडे होती. मग लोकांनी अर्थ लावला. स्क्रीनवर पाणी आहे, नळाला नाही, म्हणजे इसाक मधेच टँकरवाल्यांना देतोय.

सहाव्या दिवशी सकाळी सचिवांचा फोन आला. "सर, सत्तर दाखवतंय अन् नळाला थेंब न्हाई. अध्यक्ष माणसं घेऊन टाकीवर निघालेत."

मी लॅपटॉप उघडला, इकडूनच लॉगिन केलं आणि फोर्स काढला. एक क्लिक. सत्तरचा शून्य झाला.

चूक माझी आहे हे सचिवांना सांगितलं नाही. काढला एवढंच.

लोक टाकीवर चढले तेव्हा ती कोरडी होती. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला की स्क्रीनवरही आता शून्य आहे.

पुढचं मला सचिवांनी सांगितलं.

"काय बे इसाक, मघाशी सत्तर होतं. कुठं घातलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, पाच दिवसापून कोरडी हाय."

"म्हंजी मशीन खोटं अन् तुझा पाना खरा?"

"येवढं पाणी सोडलं आसतं तर जमीन वली नसती का? बघा की खाली."

खाली कुणी बघितलं नाही. मुलाच्या वयाच्या एकाने त्यांच्या कानाखाली वाजवली.

फोर्स निघाल्यामुळे पंप आपोआप सुरू झाला होता. संध्याकाळी सातही गावांत नळ आले. लोक म्हणाले, बघा, चोर धरला की पाणी आलं.

संस्थेने आमच्याकडे रिपोर्ट मागितला. मी लिहिलं, "यंत्रणा व्यवस्थित कार्यरत आहे. सकाळी पातळी सत्तर टक्क्यांवरून शून्यावर आल्याची नोंद आहे."

सोबत ग्राफ जोडला. त्यात रेघ सरळ खाली पडली होती. एवढी मोठी टाकी एका सेकंदात रिकामी होत नाही. कुणीही विचारू शकलं असतं. कुणी विचारलं नाही.

चाचांना काढून टाकलं. मला पुढची साइट मिळाली, साखर कारखान्याची.

दोन वर्षांनी बीडच्या स्टँडवर ते भेटले. मी तोंड चुकवत होतो, त्यांनीच हाक मारली. चहा पाजला.

"साहेब, तुमी शिकलेले हाव. खरं सांगा. मशीन चुकती का कधी?"

स्टँडवर आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

"नाही चुकत, चाचा."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग माझं कानच गेलं आसतील."

आज चाचींनी सांगितलं, ते खरंच डॉक्टरकडे कान तपासायला गेले होते. डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही. त्यांना पटलं नाही. घरातल्या रांजणात हात घालून बघायचे आणि चाचींना विचारायचे, "पाणी हाय ना ह्यात?"

मिट्टीनंतर मी चाचींना सगळं सांगितलं. त्यांच्या दारात, सगळ्यांसमोर. पहिल्यांदाच.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"परवा आला आसता तरी चाललं आसतं," त्या म्हणाल्या. "त्यानी माफ केलं आसतं तुमाला. मानूसच तसा होता. मी न्हाई करायची. जावा आता."

मी निघून आलो.

सात गावांतल्या सगळ्यांनी हे वाचावं म्हणून पोस्ट पब्लिक ठेवली आहे. रिपोर्टखाली सही माझी आहे.

इसाकचाचा, टाकी कोरडीच होती.
शेवटचा सलाम.