बंदीआधीची शेवटची फेरी

अब्बा रास अल खैमाला एका लाँचवर खलाशी होते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात बहुतेकांचे बाप गल्फलाच असायचे, पण आमचे अब्बा घरी कधी येणार ते सुरमई ठरवायची. उन्हाळा सरता सरता सुरमई अंड्यावर येते, थव्याथव्यांनी किनाऱ्याकडेने सरकते. तेवढे दिवस तिला धरायला सरकारची बंदी. अब्बांचा अरबाब, म्हणजे लाँचचा मालक, फक्त सुरमईच धरायचा. बंदी लागली की जाळी वर आणि खलाशी सुट्टीवर. म्हणून बंदी हा शब्द मला लहानपणी ईदसारखा वाटायचा.

लग्नानंतर मीही गल्फमध्येच, अल कुसैसला आले, एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला लागले. अम्मी गावीच राहिली. गेल्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. अब्बांना बंदीची वाट न बघता निघायचं होतं.

"एक फेरी, हबीबी," अरबाब म्हणाला. "मग खलास. बंदीभर घरी राहा."

अब्बांनी माझ्यासमोरच अम्मीला फोन लावून विचारलं.

"करून या," ती म्हणाली. "मी कुठं पळून चाललेय?"

लाँच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकमध्ये गावाहून चाचांचा फोन आला. समोर एक पेशंट इन्शुरन्सचं कार्ड पुढे करून उभा होता.

"भाभी गेली गं," चाचा म्हणाले. "भाईला कळव. दफनाला थांबायचं का आम्ही?"

अब्बांचा फोन लागेना. अरबाबला लावला. त्यानेही वायरलेसवर खूप प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, "लाँच फार बाहेर आहे. संध्याकाळपर्यंत येईल, इन्शाल्ला." तोही रडत होता. मी चाचांना सांगितलं, थांबू नका.

नवऱ्याने मला बंदरावर नेलं. लाँच धक्क्याला लागली, दोर फेकता फेकता अब्बांनी मला पाहिलं. त्यांचा हात तसाच थांबला.

"आज सुट्टी नाही तुला," ते म्हणाले.

मी धक्क्याच्या कडेपर्यंत गेले.

"कधी?"

"सकाळी."

"मिट्टी दिली?"

"दिली. असरच्या नमाजाआधी."

त्यांनी मान हलवली आणि वळून मासे उतरवायला लागले. मी म्हटलं, अब्बा, राहू द्या. इतर खलाशीही म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. एक भलीमोठी सुरमई उचलली, तिच्या पोटावरून तळवा फिरवला. "भरलेली आहे," एवढंच म्हणाले.

घरी जायचं काढून ठेवलेलं तिकीट त्यांनी वापरलं नाही. "आता कुणाकडे जाऊ?" म्हणाले, आणि आमच्याकडे येऊन राहिले. दिवसभर खिडकीशी बसायचे. माझी मुलगी विचारायची, "नाना, आर यू सॅड?" ते तिच्या केसांवरून हात फिरवायचे.

बंदी चालू असतानाच मच्छीमारांचं म्हणणं ऐकायला बंदरावर सरकारी मीटिंग भरली. बहुतेक मालकांना बंदी कमी करून हवी होती. अरबाबने जुना माणूस म्हणून अब्बांना बरोबर नेलं. मीही गेले, मागे उभी होते. अब्बा उठले आणि मोडक्या अरबीत म्हणाले, "कमी करू नका. आठ दिवस आधी लावा." लोक चिडले. कुणीतरी ओरडलं, तुझं पोट कशावर चालतं?

"त्याच माशावर," अब्बा म्हणाले. "शेवटच्या दिवशी आम्ही भरल्या पोटाच्या सुरमया ओढल्या. बंदी एक दिवस जरी आधी लागली असती तर सुटल्या असत्या."

अम्मीचं नाव त्यांनी काढलं नाही. अरबाब खाली मान घालून बसला होता. परतताना गाडीत त्याने अब्बांचा हात हातात घेतला आणि अल कुसैस येईपर्यंत सोडला नाही.

तारखा बदलल्या नाहीत. बंदी उठली, लाँच पाण्यात गेली, पण अब्बा गेले नाहीत. त्यांनी अरबाबला व्हिसा कॅन्सल करायला सांगितला आणि गावी निघाले.

गावी पोचल्यावर ते घरी गेलेच नाहीत. रिक्षा कब्रस्तानाशी थांबवली, बॅग खांद्याला तशीच. चाचा न्यायला गेले तर अब्बा उठेनात. तिथूनच त्यांनी मला फोन केला.

"पोचलो गं, बेटी," म्हणाले.